कूलर, स्लॅब आणि वायफाय: नागपूरच्या घरात राउटर नीट चालवायचा तर

होळी झाली की नागपुरात कूलर बाहेर निघतात. जिन्याखालचा पत्र्याचा डबा ओढून काढायचा, जुन्या ताट्या फेकून वाळ्याच्या नव्या भरायच्या, पंप पाणी ओढतो का ते बघायचं आणि खिडकीत स्टँडवर चढवायचा. आमच्या प्रतापनगरच्या घरी हे काम एका रविवारी होतं. सलग तीन वर्षं त्याच आठवड्यात झोपायच्या खोलीतलं वायफाय गेलं. दर वेळी आम्ही नेटच्या कंपनीला फोन केला, त्यांचा मुलगा आला, राउटरचा डबा बंद करून चालू केला आणि लाईन बरोबर आहे असं सांगून गेला. त्याचं म्हणणं खरं होतं. लाईन बरोबरच होती.

आमच्याकडे फायबरची तार समोरच्या बंद गॅलरीत येते आणि राउटर तिथेच ठोकलेला होता. गॅलरी आणि झोपायची खोली यांच्या मधे नऊ इंची भिंत आणि एक खिडकी. वर्षभर वायफाय त्या खिडकीतून आत येत असे आणि मार्चमध्ये आम्ही त्याच खिडकीत पत्र्याचा कूलर बसवत होतो, पोटात साठ-सत्तर लिटर पाणी असलेला. पत्रा लहरी परत फेकतो, पाणी त्या शोषून घेतं. राउटर गॅलरीतून काढून हॉलच्या आतल्या भिंतीवर नेला, तेव्हा प्रश्न मिटला. नवा प्लॅन नाही, नवा राउटर नाही, फक्त बारा मीटर तार.

तेव्हापासून नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे कुणी ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की मी आधी घर बघतो. महिन्याचे पैसे वाढवून वरचा प्लॅन घेण्याआधी जागा, तार आणि वीज या तीन गोष्टी तपासून घ्या. पुढे दिलेल्या क्रमानेच तपासा, कारण क्रम चुकला की माणूस भलत्याच गोष्टीवर पैसे घालतो.

आधी ठरवा, बिघाड बाहेर आहे की घरात

‘नेट स्लो’ या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. खांबावरून तुमच्या डब्यापर्यंत येते ती लाईन, ती कंपनीची. डब्यापासून मोबाईलपर्यंत जातं ते वायफाय, ते तुमच्या भिंतींचं, कपाटांचं आणि शेजाऱ्यांच्या राउटरचं. पहिलं बिघडलं तर फोन करायचा. दुसरं बिघडलं तर फोन करून काही होत नाही.

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. सकाळी एकदा, दुपारी तीन-चारला एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा, कारण त्या वेळी सगळी गल्ली नेटवर असते. आकडे वहीत लिहा. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर राउटरपासून दोन मीटरवर उभं राहून पाच गिगाहर्ट्झच्या वायफायवर टेस्ट घ्या (राउटरचं वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर चालतं). त्यानंतर जिथे त्रास होतो त्या खोलीत जाऊन तीच टेस्ट पुन्हा.

केबलवर पूर्ण स्पीड आणि खोलीत दहावा हिस्सा, म्हणजे दोष घरात. केबलवरही कमी, म्हणजे दोष लाईनचा. सकाळी पूर्ण आणि रात्री नऊला अर्धा असेल तर कंपनीने त्या भागात जोडण्या जास्त दिल्या असण्याची शक्यता मोठी. तो प्रश्न राउटर बदलून सुटत नाही.

आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो आणि डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं. आठ बिटचा एक बाइट, म्हणून ४० एमबीपीएसच्या लाईनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइटने उतरते आणि ते बरोबरच असतं. दुसरं, २०० किंवा ३०० चा प्लॅन घेऊनही केबलवर काटा ९४-९५ वर अडकत असेल तर कुठेतरी शंभरचं पोर्ट आहे किंवा लॅन केबलमधली एखादी जोडी तुटली आहे. गिगाबिटला, म्हणजे हजार एमबीपीएसच्या जोडणीला, केबलमधल्या आठही तारा लागतात. चारच तारा लागल्या तर जोडणी गुपचूप शंभरवर येते. आधी केबल बदलून बघा. ते सर्वांत स्वस्त आहे.

अजून एक तपासणी मला स्पीडपेक्षाही महत्त्वाची वाटते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग हा शब्द इंग्रजीत लिहा आणि त्यापुढे राउटरचा पत्ता द्या (तो कुठे सापडतो ते पुढे सेटिंगच्या भागात आहे). वायफायवरून राउटरचं उत्तर एक ते पाच मिलिसेकंदात यायला हवं. ते कधी ३, कधी २०० आणि मधेच ‘टाइम आउट’ येत असेल तर मीटिंग अडकण्याचं कारण घरातल्या हवेत आहे, हे तुम्हाला कुणालाही न विचारता कळलं.

डब्यावरचे दिवे

फायबरच्या घरात बहुतेक ठिकाणी एकच डबा असतो. तोच ओएनटी, म्हणजे फायबरमधला प्रकाश नेटमध्ये बदलणारा डबा, आणि तोच राउटर. काही ठिकाणी छोटा ओएनटी वेगळा आणि राउटर वेगळा. ओएनटीवर पॉन आणि लॉस असे दोन दिवे बघा. पॉन हिरवा स्थिर म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाश नीट येतो आहे. लॉस लाल लुकलुकतो म्हणजे प्रकाश पोचतच नाही. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. तार कपाटामागे चेपली किंवा दारात अडकली आहे का ते बघा आणि तक्रार टाका. आपल्याकडे सिमेंट रस्त्यांच्या कामात तारा तुटणं नवं नाही, त्यामुळे समोर रस्ता खोदलेला दिसला तर शेजारच्या घरीही विचारून घ्या. पॉन हिरवा पण इंटरनेटचा दिवा लाल असेल तर तार ठीक आहे. रिचार्ज संपला असेल, लॉगिन गेलं असेल किंवा कंपनीकडे बिघाड असेल.

टेक्निशियन घरी आला की त्याला एक प्रश्न जरूर विचारा: ‘पॉवर किती येते?’ तो मीटर लावून ‘मायनस बावीस’ असं काहीतरी सांगेल. साध्या जीपॉन लाईनवर, म्हणजे घरोघरी येते त्या नेहमीच्या फायबरवर, उणे १८ ते उणे २४ डीबीएम (ताकदीचं माप) म्हणजे सुखाचं. उणे २७ ही ओएनटीच्या सहनशक्तीची कड आहे. त्या कडेवरची लाईन आज चालते आणि एखादा जोड जरा ढिला झाला की बंद पडते. प्रत्येक तीन डीबीला प्रकाश अर्धा होतो, म्हणून उणे २१ आणि उणे २७ यांतला फरक चौपट आहे. आकडा वाईट असेल तर जोड पुन्हा मारून घ्या, तो माणूस घरी असतानाच.

फायबरची तार सुतळीसारखी गुंडाळून खिळ्याला टांगू नका. काच आहे ती. वळण बशीएवढं मोठं ठेवा. आणि उघड्या टोकात डोळा घालून बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही.

जागा

राउटर बसवणारा माणूस तार जिथून आत येते तिथेच डबा लावतो, कारण त्याला दिवसभरात अजून बरीच घरं करायची असतात. जागा तुम्ही आधी ठरवून ठेवा आणि तिथपर्यंत तार न्यायला सांगा. जास्तीच्या तारेचे थोडे पैसे पडले तर द्या. हा खर्च एकदाच होतो आणि पुढे रोज कामाला येतो.

घराच्या मधोमध, खांद्याच्या किंवा डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर. टीव्हीच्या मागे नको, टीव्हीची पाठ धातूची असते. लोखंडी कपाटाजवळ नको. मोठ्या आरशामागे नको, आरशालाही पाठीमागे धातूचा लेप असतो. फ्रिजवर नको, माशांच्या टाकीजवळ नको. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वायफायच्याच अंगणात, म्हणून स्वयंपाकघर शक्यतो टाळा. कूलर कुठल्या खिडकीत बसतो ते आठवा आणि राउटर ते खोली या सरळ रेषेत तो येणार नाही असं बघा. ही तपासणी जानेवारीत करून चालत नाही. कूलर बसल्यावर, टाकी भरल्यावर करा.

शेजारच्या काकूंनी मला बोलावलं होतं. ‘काहून रे, कंपनी तर तेच आहे, मंग आमच्याकडंच काहून अडकते?’ त्यांचा राउटर शोकेसच्या काचेच्या कप्प्यात होता, एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट, आणि वर धूळ बसू नये म्हणून विणलेला रुमाल. आम्ही डबा फक्त दीड मीटर वर, दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर लावला. काकूंच्या देवघरापर्यंत भजन अडकल्याशिवाय पोचू लागलं आणि त्या दिवशी मला चहा आणि चिवडा दोन्ही मिळालं.

भिंतींचं सांगायचं तर महाल-इतवारीकडच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, नव्या फ्लॅट स्कीममधल्या चार इंची विटा आणि आरसीसीचा स्लॅब यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असते, म्हणून वरचा मजला हा वेगळाच प्रश्न आहे, त्याकडे पुढे येतो. पाच गिगाहर्ट्झ वेगवान आहे पण भिंतीला लवकर हार मानतं. २.४ हळू आहे पण दूर जातं. एका भिंतीपर्यंत पाच, दोन-तीन भिंतींपलीकडे २.४, असा ढोबळ हिशेब धरा.

ॲंटेना उभ्या ठेवा. उभ्या दांडीचा सिग्नल आडवा, चहूबाजूंनी पसरतो. दांडीच्या टोकाच्या दिशेने तो सर्वांत कमी असतो. सगळ्या ॲंटेना आडव्या पाडल्या की तुमच्याच मजल्यावरच्या खोल्या उपाशी राहतात.

मग मोबाईलवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप घ्या आणि खोल्याखोल्यांत फिरा. ॲप सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दाखवतं. उणे ५० उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ मीटिंग चांगली चालते. उणे ८० ला जोडणी दिसते पण काम होत नाही. राउटर अर्धा मीटर सरकवून पुन्हा फिरा. या खटाटोपाला अर्धा तास लागतो, आणि वायफायसाठी याहून फायद्याचा अर्धा तास मला माहीत नाही.

नवतपा आणि राउटर

घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश असं दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नवल नाही, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालची खोली संध्याकाळी सातलाही भट्टीसारखी असते. डबा स्वतः गरम होतोच, त्यात भोवतालची हवा चाळिशीपार. मग तो वेग कमी करतो, अडकतो किंवा आपोआप बंद होऊन चालू होतो. दुपारी तीन ते सहा त्रास आणि पहाटे सगळं सुरळीत, असा नमुना दिसला तर उष्णतेवर संशय घ्या.

उपाय साधे आहेत. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर राउटर नको. छतापासून निदान दोन-तीन फूट खाली. ओएनटीवर राउटर असा थर नको. भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून उभा लावा म्हणजे छिद्रांतून हवा वर जाते. महिन्यातून एकदा डबा बंद करून कोरड्या ब्रशने धूळ काढा. मात्र थंड राहावा म्हणून राउटर कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. त्या हवेत ओल असते, कधी तुषारही येतात, आणि बोअरच्या पाण्याचा क्षार पिनांवर पांढरा बसतो. पंख्याच्या हवेतली जागा बरी.

डब्याइतकंच अडॅप्टरकडेही लक्ष द्या. दोन-तीन उन्हाळे काढलेला अडॅप्टर बाहेरून धडधाकट दिसतो, पण भार आला की व्होल्टेज टाकतो. वारंवार आपोआप रीस्टार्ट होणाऱ्या राउटरचा मी आधी अडॅप्टर बदलून बघतो. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तोच, अँपियर तेवढा किंवा जास्त, आणि पिन तशीच. १२ व्होल्टच्या जागी ९ चा लावू नका आणि ९ च्या जागी १२ चा तर मुळीच नाही.

सेटिंग: एका बैठकीत उरकायचं काम

राउटरच्या पोटाखाली स्टिकर असतो. त्यावर पत्ता, लॉगिन आणि मूळ पासवर्ड असतो. आधी त्याचा फोटो काढून ठेवा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या डब्यांवर सहसा १९२.१६८.२९.१. ब्राउझरमध्ये टाइप करताना इंग्रजी आकडे वापरा. लॉगिन झाल्यावर या क्रमाने जा:

१. ॲडमिनचा पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. स्टिकरवरचा मूळ पासवर्ड तसाच राहिला तर घरात एकदा जोडलेला कुणीही तुमच्या राउटरचा मालक होऊ शकतो.

२. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलं असेल तर करून घ्या. तेवढा वेळ वीज जाणार नाही असा मुहूर्त बघा. अपडेटच्या मधे वीज गेली तर डबा कायमचा बसू शकतो.

३. सुरक्षा डब्ल्यूपीए३ ठेवा. जुना फोन किंवा टीव्ही जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र. डब्ल्यूईपी दिसलं तर लगेच काढा, ते कधीच फुटलेलं आहे. वायफायचा पासवर्ड आठ अक्षरांहून छोटा चालतच नाही, पण आठवर थांबू नका. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत जोडा. आजीला सांगता येतो आणि चोराला सापडत नाही. मोबाईल नंबर, गाडीचा नंबर, मुलांची नावं नकोत, गल्लीत ती सगळ्यांना ठाऊक असतात.

४. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटन किंवा पिनने झटपट जोडण्याची सोय, बंद. बाहेरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, तीही बंद.

५. गेस्ट नेटवर्क सुरू करा. पाहुणे, भाड्याने राहणारी मुलं, स्मार्ट प्लग, स्वस्तातला कॅमेरा हे सगळं त्यावर. कनेक्शन तुमच्या ओळखपत्रावर घेतलेलं आहे, त्यामुळे पासवर्ड वाटताना हात आखडताच ठेवा. नेटवर्कचं नाव लपवून सुरक्षा वाढत नाही. त्यात वेळ घालवू नका.

६. २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल १, ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेले आहेत, पण एका सिग्नलला सुमारे वीस लागतात. त्यामुळे १, ६, ११ हेच तिघं एकमेकांच्या अंगावर न पडता शेजारी बसतात. ३ किंवा ४ निवडलं तर १ वाल्याचाही गोंगाट तुम्हाला आणि ६ वाल्याचाही. फ्लॅट स्कीममध्ये ॲपवर वीस-वीस नेटवर्क दिसतात. त्यात सर्वांत कमी गर्दीचं निवडा.

७. पाच गिगाहर्ट्झला ३६ किंवा १४९ चं चॅनल आणि रुंदी ८० मेगाहर्ट्झ. ५२ ते १४४ मधले चॅनल मोकळे दिसतात, पण त्या पट्ट्यात हवामानाची रडारही चालतात, म्हणून राउटरला आधी निदान एक मिनिट कान देऊन ऐकावं लागतं आणि रडारची चाहूल लागली की जागा सोडावी लागते. गर्दी फारच असेल तरच तिकडे जा.

दोन्ही बँडना एकच नाव द्यायचं की वेगळं? मी वेगळं देतो. एकच नाव ठेवलं की कुठला बँड घ्यायचा ते मोबाईल ठरवतो, आणि बरेच फोन दूर गेल्यावरही पाचला चिकटून राहतात किंवा जवळ येऊनही २.४ सोडत नाहीत. शिवाय स्मार्ट प्लग, डोअरबेल, बरेच कॅमेरे फक्त २.४ वरच जोडले जातात. नाव वेगळं असलं की त्यांची जोडणी पाच मिनिटांत होते.

मिहानमधल्या कंपन्यांत काम करणारी आणि घरून मीटिंग घेणारी कितीतरी मुलं आता शहरात आहेत. त्यांची तक्रार ठरलेली असते: स्पीड टेस्ट १०० दाखवते, पण माझा आवाज तुटतो. अशा वेळी अपलोड बघा. घरात कुणी लग्नाहून आलं आणि फोन सातशे फोटो बॅकअपला चढवत असला की अपलोडची रांग भरते आणि तुमचा आवाज त्या रांगेत मागे उभा राहतो. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवण्याची सोय, असेल तर एकूण मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा आणि ऑफिसच्या लॅपटॉपला प्राधान्य द्या. क्यूओएस नसेल तर बॅकअपची वेळ रात्री बाराची करा. आणि जमेल तिथे ऑफिसचा लॅपटॉप केबलवरच. स्मार्ट टीव्हीही केबलवर टाकला तर हवेतली मोठी गर्दी कमी होते.

वरचा मजला

मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगर, कुठेही जा, खाली आईबाबा आणि वर मुलगा-सून अशी दुमजली घरं भरपूर. एका राउटरने दोन मजले भागवायचा हट्ट सोडा. प्लगमध्ये खोचायचा स्वस्त एक्स्टेंडर मी शिफारस करत नाही. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच रेडिओवर पुढे सांगायचं, यात वेग निम्म्यावर येतो.

खात्रीचा मार्ग म्हणजे जिन्याच्या बाजूने किंवा डक्टमधून एक कॅट सिक्स केबल वर न्यायची आणि वर दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, लावायचा. शंभर मीटरपर्यंत गिगाबिट चालतं, घरात दहा-पंधरा मीटरच लागतात. घरातला जुना राउटर चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा. नसेल तर आधी त्याला वेगळा पत्ता द्या, उदाहरणार्थ खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२. मग त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि खालून आलेली केबल वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या लाईनच्या पोर्टमध्ये, न घालता पिवळ्या लॅन पोर्टमध्ये घाला. वॅनमध्ये घातली तर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात. मग वरून खालचा प्रिंटर सापडत नाही. वायफायचं नाव-पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा, चॅनल मात्र वेगळे: खाली १ तर वर ६.

सीताबर्डीत केबल घेताना सीसीए लिहिलेली घेऊ नका. ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. तारेला ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी चमक दिसली तर मुलामाच. अस्सल तांब्याची केबल महाग पडते, पण भिंतीत गेलेली तार पुन्हा काढायची नसते. नवं घर बांधताय तर इलेक्ट्रिशियनला प्रत्येक मजल्यावर वेगळा पाइप टाकायला सांगा, विजेच्या तारांच्या पाइपात लॅन नको.

केबल नेणं जमतच नसेल तर मेश, म्हणजे आपसांत वायफायनेच बोलणाऱ्या डब्यांचा संच, घ्या, शक्यतो तीन बँडचा. दुसरा डबा वरच्या खोलीत ठेवू नका, जिन्याच्या तोंडाशी ठेवा. जिथे सिग्नल मेला आहे तिथे ठेवलेला डबा मेलेला सिग्नलच पुढे वाटतो.

वीज गेली तर

राउटरला फार वीज लागत नाही. दहा वॉटचा भार धरला तर महिनाभर अखंड चालवून साधारण सात युनिट होतात. त्यामुळे बिलासाठी रात्री बंद करण्यात अर्थ नाही, पण वादळ येताना बंद करण्यात आहे, ते पुढे सांगतो.

उन्हाळ्यात भार वाढला, सोसाट्याचा वारा सुटला की आपल्याकडे वीज जाते. फायबर मात्र बहुधा चालू असतं, फक्त डबा उपाशी असतो. राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो. तो थेट १२ व्होल्ट डीसी देतो, इन्व्हर्टरची गरज नाही. वेळ किती मिळेल ते स्वतः काढा. आत २००० एमएएचचे चार सेल, प्रत्येक ३.७ व्होल्टचा, म्हणजे सुमारे ३० वॉट-तास, त्यातले हातात २४ येतात. आठ वॉटचा एक डबा तीन तास, ओएनटी आणि राउटर मिळून बारा वॉट झाले तर दोन तास. दोन वेगळे डबे असतील तर दोन पिनांचा यूपीएस घ्या. नुसता राउटर जागा ठेवून ओएनटी झोपला तर वायफायचं चिन्ह दिसतं आणि नेट नसतं. लिथियमचे सेल उष्णतेने लवकर म्हातारे होतात, म्हणून यूपीएसही कपाटात कोंडू नका.

घरी इन्व्हर्टर असेल आणि वीज जाताना राउटर झटका खाऊन पुन्हा चालू होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटन यूपीएस मोडवर आहे का ते बघा. त्या मोडमध्ये बदल फार चटकन होतो.

पावसाळा आणि संक्रांत

मृगाच्या आधीची वादळं विदर्भात विजा घेऊन येतात. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण अडॅप्टरमधून येते, आणि गच्चीवरून तांब्याची लॅन केबल आलेली असेल तर तिच्यातूनही येते. गडगडाट जवळ आला की अडॅप्टर सॉकेटमधून काढा, नुसतं बटन बंद करून भागत नाही. तांब्याची लाईन असेल तर तीही राउटरमधून काढा. फायबरच्या बाहेरच्या तारेत आधाराला लोखंडी तार असते. ती घराबाहेरच बांधून संपली पाहिजे, आत खेचलेली नको. बाहेरची तार खिडकीशी एक झोल देऊन आत घ्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी टपकतं आणि भिंतीच्या छिद्रातून आत येत नाही.

जानेवारीत संक्रांतीला नागपूरचं आकाश पतंगांनी भरतं. खांबावरून आलेल्या तारेत पतंग अडकला की मुलं मांजा ओढतात, आणि बंदी असूनही वापरला जाणारा नायलॉन मांजा तुटत नाही, तार तुटते. तार फार खाली लोंबत असेल तर डिसेंबरातच ओढून बांधून घ्या. अडकलेला मांजा स्वतः काठीने काढायला जाऊ नका. त्याच खांबावर विजेच्या तारा असतात.

तक्रार आणि कपाटातला कागद

तक्रार फोनवर केली तरी तक्रार क्रमांक मागून घ्या. ‘नेट स्लो आहे’ असं मोघम सांगू नका. ‘केबलवर तीन दिवस रात्री नऊला १०० च्या जागी २२ येतं, पॉन हिरवा आहे, अडॅप्टर बदलून पाहिला’ असं सांगितलं की पुढचा माणूस बंद-चालू करायला सांगत नाही. तेवढ्याने काम झालं नाही तर प्रत्येक कंपनीकडे अपिलाची वेगळी सोय असते, तिथे तोच क्रमांक देऊन अपील करता येतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, ग्राहकांच्या एकेकट्या तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहून आठवडे घालवू नका.

आणि एक पूर्ण पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवा: ग्राहक क्रमांक, कंपनीचा तक्रारीचा नंबर, राउटरचा पत्ता, ॲडमिनचा पासवर्ड, पीपीपीओई (कंपनीच्या नावाने-पासवर्डने जोडण्याची पद्धत) असेल तर त्याचं लॉगिन, शेवटची मोजलेली पॉवर आणि तारीख. रीसेटचं बारीक बटन कुणी चुकून दाबलं तर याच पानावरून सगळं परत उभं राहतं. आमच्या पानावर स्पीडचे दोन रकाने आहेत, एक कूलर नसतानाचा आणि एक कूलर बसल्यानंतरचा.